तेन्शीचे पांढरे पंख: पाठीला पेलतील आणि छायाचित्रातही पिसे दिसतील, असे कसे करावेत?

शुभ्रपंख

नमस्कार. मी परळला राहते आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. येत्या डिसेंबरमध्ये गोरेगाव पूर्वेच्या एका प्रदर्शन संकुलात अ‍ॅनिमे आणि कॉमिक्सचे संमेलन आहे. तेथे मला 'एंजल बीट्स' या २०१० सालच्या जपानी मालिकेतील कानादे ताचिबाना हिचा कॉसप्ले करायचा आहे, म्हणजे तिची वेशभूषा करून वावरायचे आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, की रुपेरी केसांच्या आणि सोनेरी डोळ्यांच्या या अबोल मुलीला इतर पात्रे 'तेन्शी' म्हणतात. जपानी भाषेत 'तेन' म्हणजे स्वर्ग आणि 'शी' म्हणजे दूत. आपला 'देवदूत' हा शब्दही असाच जुळलेला आहे, हे कळले तेव्हापासून हे पात्र मला अधिकच जवळचे वाटू लागले. बारावीच्या वर्षात मी आणि माझ्या धाकट्या भावाने ही मालिका रोज रात्री एक भाग याप्रमाणे पाहिली होती, त्यामुळे दुसरे कोणतेही पात्र निवडण्याचा विचार माझ्या मनात नाही.

गेल्या वर्षी मी हा प्रयत्न एकदा केला आहे आणि त्यात झालेल्या चुका येथे स्पष्ट लिहिते. प्लायवूडच्या पट्ट्या आणि जाड तार यांचा सांगाडा करून त्यावर पुठ्ठा लावला होता आणि बाजारातून आणलेली खरी पिसे ग्लू गनने चिकटवली होती. दोन्ही पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे अडीच मीटर अंतर होत असे आणि वजन चार किलोंहून थोडे अधिक होते. दोन तासांत खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठले. त्याआधी, सामान नेणारा टेम्पो उन्हात उभा राहिल्यामुळे गोंद मऊ पडून कितीतरी पिसे वाटेतच गळाली होती. सर्वांत मोठे दुःख मात्र छायाचित्रांचे आहे. माझ्या भावाने मोठ्या कष्टाने, साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याने जवळजवळ दोनशे छायाचित्रे काढली. त्यांतील अनेकांत पंख इतके पांढरेफटक आले आहेत की पिसांची एकही कड दिसत नाही, आणि जवळून काढलेल्या छायाचित्रांत तेच पंख मळकट राखाडी दिसतात व माझा चेहरा काळवंडलेला आहे.

माझ्याकडे दहा आठवडे आणि सहा हजार रुपये आहेत. आजीकडे शिलाई यंत्र आहे आणि तिचा हात अजूनही उत्तम चालतो. पंखांचा सांगाडा कशाचा करावा, पिसे कशाची करावीत आणि पांढऱ्या पंखांचे छायाचित्र नेमके कसे काढावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगितल्यास मी ऋणी राहीन.

रंगपट_गिरगाव

मी कॉसप्ले करत नाही, परंतु हौशी नाटकांच्या स्पर्धांसाठी गेली तीस वर्षे वेशभूषा आणि रंगमंचावरचे सामान तयार करतो. गरुड, जटायू, परी आणि एकदा बालनाट्यासाठी चौदा पोपट, एवढ्यांना मी पंख लावलेले आहेत. तुमचा प्रश्न वाचून पहिली गोष्ट सांगावीशी वाटते ती अशी, की चार किलो हे वजन पाठीवरच्या दप्तरात असते तर तुम्हाला इतका त्रास झाला नसता. वजन पाठीपासून किती लांब आहे, यावर सगळा त्रास अवलंबून असतो. एक किलोचा भाग पाठीच्या मध्यापासून वीस सेंटिमीटरवर असण्याऐवजी साठ सेंटिमीटरवर गेला, तर त्याची ओढ तिप्पट होते, आणि चालताना प्रत्येक पावलागणिक ती ओढ खांद्याला झटका देते.

म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा आहे, की पंख आडवे पसरू नका, ते वर उचललेले करा. उडण्याच्या बेतात असलेला पक्षी पंख जसे डोक्यावर उभारतो, तशी ठेवण ठेवली तर वजन पाठीच्या कण्याजवळ राहते, गर्दीत कोणी येऊन आदळत नाही आणि पंख लहान असूनही भव्य दिसतात. दोन्ही पंखांची मिळून रुंदी सव्वा मीटरच्या आत ठेवा आणि टोके डोक्याच्या वर दोन वीत जाऊ द्या.

सांगाड्यासाठी घरातील वायरिंगला वापरतात तो २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या. इलेक्ट्रिशियन त्याच्या आत स्प्रिंग घालून तो वाकवतात, त्यांच्याकडूनच वाकवून घ्यावा. पक्ष्याच्या पंखाला आपल्या हाताप्रमाणेच खांदा, कोपर आणि मनगट असते, म्हणून पाइपलाही दोन स्पष्ट वळणे द्या. बहुतेक हौशी पंख खोटे वाटतात, कारण त्यांना मनगटच नसते. मुंबईत घार पाहायला कोठेही जावे लागत नाही. गच्चीवर दहा मिनिटे उभे राहून तिच्या पंखांची वळणे पाहा आणि कागदावर उतरवून घ्या.

पाठीवर पट्टा नको, पाटी हवी. ट्रेकिंगची जुनी सॅक असेल तर तिची पाठ आणि कमरेचा पट्टा काढून घ्या. भार कमरेवर उतरला पाहिजे, खांद्यांनी फक्त तोल सांभाळायचा असतो. ही पाटी पात्राच्या गणवेशाच्या आत बांधा आणि गणवेशाच्या पाठीला दोन उभ्या चिरा ठेवून त्यांतून पाइप बाहेर काढा. आजींना सांगा, की चिरांच्या कडांना आतून दुहेरी पट्टी लावावी, अन्यथा पहिल्या तासातच कापड उसवेल.

पिसांसाठी ईव्हीए फोमच्या (रबरासारख्या मऊ, हलक्या फोमच्या) शीट घ्या, अब्दुल रहमान स्ट्रीटवर हस्तकलेच्या दुकानांत त्या मिळतात. दोन मिलिमीटर जाडी पुरते, पाच मिलिमीटरची घेतलीत तर वजन अडीचपट होईल. ग्लू गनऐवजी चर्मकार वापरतात त्या प्रकारचा रबरी सोल्यूशन गोंद वापरा. दोन्ही बाजूंना पातळ लावून, बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोडायचा, आणि हे काम खिडक्या उघड्या ठेवूनच करायचे, कारण त्याची वाफ डोक्यात चढते. पिसे लावताना सुरुवात खालच्या लांब ओळीपासून करा आणि वर चढत जा. कोकणातले घर कौलांनी शाकारताना जशी प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीवर येते, तशीच ही रचना आहे. उलट क्रमाने लावली तर गोंदाच्या सगळ्या जागा उघड्या पडतात.

खऱ्या पिसांविषयी एक सूचना. वन्य पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे कोणती पिसे कोठून आली हे दुकानदार सांगू शकत नसेल, तर ती घेऊच नयेत. शिवाय मुंबईच्या दमट हवेत ती एकमेकांना चिकटून ओलसर दिसतात.

उजेडमाप

मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो आणि आवड म्हणून कॉसप्लेचीही. रंगपट यांच्या प्रतिसादातील पंख वर उचलण्याचा सल्ला छायाचित्रकार म्हणूनही मी पूर्णपणे उचलून धरतो, आणि त्यामागचे गणित सांगतो. साध्या डीएसएलआरचा सेन्सर सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो. त्यावर ५० मिलिमीटरचे भिंग लावून अडीच मीटर रुंद पंख चौकटीत बसवायचे असतील, तर तुमच्या भावाला जवळजवळ साडेपाच मीटर मागे जावे लागते. संमेलनाच्या दालनात साडेपाच मीटर मोकळी जागा मिळत नाही, मिळाली तरी तेवढ्यात मधून चार माणसे जातात. याउलट सव्वा मीटरच्या आत बसणारे, वर उचललेले पंख असतील, तर कॅमेरा उभा धरून ३५ मिलिमीटरच्या भिंगाने साधारण पावणेतीन मीटरवरून गुडघ्यापासून पंखांच्या टोकांपर्यंत सगळे बसते. पावणेतीन मीटरचे अंतर गर्दीतही राखता येते. त्यामुळे पाइप वाकवण्यापूर्वी कॅमेरा हातात घेऊन, पुठ्ठ्याचे आकार कापून, घरातच चौकट पाहून घ्या.

आता पांढऱ्या रंगाविषयी. कॅमेऱ्यातील उजेड मोजणारा मीटर समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून उजेड ठरवतो. दुरून काढताना चौकटीत दालनाचा अंधार अधिक येतो, म्हणून तो उजेड वाढवतो आणि पंख जळतात, म्हणजे पांढरेफटक येतात. जवळून काढताना चौकट पंखांनीच भरते, म्हणून तो उजेड कमी करतो, पंख राखाडी होतात आणि चेहरा काळवंडतो. तुमच्या भावाचा हात चुकलेला नाही. कॅमेरा स्वयंचलित पद्धतीवर होता, एवढेच त्याचे कारण आहे. यावेळी मॅन्युअल मोडवर, म्हणजे उजेड स्वतः ठरवायच्या पद्धतीवर, पंखांचा सर्वांत उजळ भाग पाहून एकदाच उजेड ठरवा आणि त्या जागी उभे असेपर्यंत तो बदलू नका. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यावर दिसणारा उजेडाचा आलेख, उजव्या कडेला टेकण्याच्या जरा आधी थांबला पाहिजे. छायाचित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या, स्वरूपात साठवा. चेहरा कमी उजळलेला वाटला तर एखाद्या मैत्रिणीने कमरेच्या उंचीवर पांढरा फोमबोर्ड धरला की पुरेसे होते.

शटर सेकंदाचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दालनातील अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात आणि वेगवान शटरवर छायाचित्रात पट्टे उमटतात किंवा एकाच जागी काढलेल्या दोन छायाचित्रांचे रंग जुळत नाहीत. भिंगाचे छिद्र एफ/४ ठेवा. एफ/१.८ वर, म्हणजे छिद्र अधिक मोठे ठेवले तर, चेहरा स्पष्ट आणि मागचे पंख धूसर येतात, आणि ज्या पंखांवर दहा आठवडे घालवले ते धूसर का करायचे?

फोमविषयी मात्र माझा रंगपट यांच्याशी मतभेद आहे. फोममधून उजेड आरपार जात नाही. देवदूताच्या पंखांचे खरे सौंदर्य मागून उजेड आला आणि पिसांच्या कडा झळाळल्या की दिसते, आणि संपूर्ण फोमचा पंख मागून उजळला की समोरून फक्त काळी आकृती दिसते. म्हणून टोकाकडची लांब पिसे तरी ऑर्गंडीसारख्या पातळ कापडाची करावीत. मैत्रिणीने छोटा एलईडी पॅनेल तुमच्या पाठीमागे, तुमच्याच शरीराआड धरला, की ती पिसे उजळतील. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारू नका, त्याने पिसांच्या सावल्या नाहीशा होतात. आणि सावलीशिवाय पीस दिसत नाही.

राखीपंख

पात्र बदलायचे नाही असे आपण म्हटले आहे, त्याचा आदर राखून एक उदाहरण देते, कारण ते आपल्या छायाचित्रांच्या अडचणीशी जोडलेले आहे. 'हाइबाने रेनमेइ' या २००२ सालच्या मालिकेतील पात्रांना पंख असतात, परंतु ते लहान आणि राखेच्या रंगाचे असतात. मी दोन वर्षांपूर्वी त्यातील राक्का हिचा कॉसप्ले केला. तिच्या डोक्यावरचे तेजोवलय सुरुवातीला स्थिर राहत नाही, म्हणून त्याला तारेचा आधार द्यावा लागतो. त्यामुळे माझी तार दिसली तरी ती पात्राशी प्रामाणिकच होती. त्या जगात या पंखधारी मंडळींनी इतरांनी वापरून टाकलेल्याच वस्तू वापरायच्या असा नियम आहे. म्हणून मी सगळे कपडे बोहारणीकडे जाणाऱ्या गाठोड्यातून निवडले, आणि जुन्या कापडाचा जो मऊ, वापरलेला पोत छायाचित्रात आला तो नव्या कापडाला आला नसता.

पण मला सांगायचे आहे ते राखाडी रंगाविषयी. माझ्या पंखांची छायाचित्रे उत्तम आली, कारण त्यांत छटा होत्या. आपणही सगळी पिसे एकाच शुभ्र रंगाची करू नका. प्रत्येक पिसाच्या बुडाशी अगदी फिकट करडी छटा द्या, आतल्या लहान पिसांना किंचित मोतिया रंग द्या आणि शुद्ध पांढरा फक्त टोकांसाठी राखून ठेवा. डोळ्यांना पंख पांढरेच दिसतील, कॅमेऱ्याला मात्र एकेक पीस वेगळे सापडेल. रंगाचा स्प्रे पावसाळी, ओल्या हवेत मारू नका, थर दुधाळ होतो. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात हे काम उरकावे.

शुभ्रपंख

इतके मनापासून लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. मी काल आजीला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. कौलांचे उदाहरण ऐकताच ती म्हणाली, की हे तर तिने लहानपणी राजापूरला दरवर्षी पाहिलेले आहे, आणि लगेच वर्तमानपत्राची पिसे कापून रचना मांडायला बसली.

पात्र मी तेन्शीच ठेवणार आहे. राखीपंख ताईंनी सांगितलेल्या छटा मात्र नक्की देणार आहे. रंगपट काका, टोकाकडची पिसे ऑर्गंडीची करायची झाल्यास ती ताठ कशी राहतील? आजी खळ द्यावी असे म्हणते. आणि दुसरी अडचण प्रवासाची आहे. टेम्पोचा खर्च यावेळी परवडणार नाही, म्हणून प्रभादेवीहून लोकलने जायचे आहे.

रंगपट_गिरगाव

ऑर्गंडीचा मुद्दा मला मान्य आहे. रंगमंचावर उजेड समोरून आणि वरून येतो, त्यामुळे आरपार उजेडाचा विचार मी कधी केला नव्हता. टोकाची आठ-दहा लांब पिसे कापडाची आणि त्यांच्या बुडावर येणारी आखूड पिसे फोमची, असा मेळ घाला. पक्ष्यांच्या पंखातही टोकाची मुख्य उड्डाणपिसे साधारण दहाच असतात.

आजींना माझा नमस्कार सांगा, पण खळ देऊ नका. खळ दिलेले कापड मुंबईच्या हवेत, घामाच्या जवळ, तीन तासांत मरगळते. त्याऐवजी ऑर्गंडीच्या दोन थरांमध्ये पातळ पारदर्शक फ्यूजिंग (इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारा थर) ठेवून इस्त्री करा. शिंप्यांना लागणारे सामान विकणाऱ्या दुकानांत ते मिळते. पिसाच्या मधोमध बारीक स्टीलची तार घालून ती कापडाच्या नळीत शिवून टाका, म्हणजे प्रत्येक पिसाला हवा तसा बाक देता येईल. ऑर्गंडी मंगलदास मार्केटमध्ये घ्या आणि दुकानाच्या दारात नेऊन उजेडासमोर धरून पाहा, कारण पांढऱ्या ऑर्गंडीतही निळसर आणि पिवळसर अशा दोन जाती असतात आणि एकाच पंखात त्या मिसळल्या तर फार खटकतात.

सोनेरी डोळ्यांसाठी रंगीत लेन्स लावणार असाल, तर नेत्रतज्ज्ञांकडून डोळे तपासून, त्यांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. मैत्रिणीची लेन्स कधीही वापरू नये. नाटकात एका मुलीचा डोळा यामुळे आठवडाभर लाल राहिलेला मी पाहिला आहे.

सकाळची_लोकल

मी दरवर्षी विरारहून मोठे सामान घेऊन अशा संमेलनांना जातो, म्हणून प्रवासापुरते लिहितो. पंख पाठीच्या पाटीपासून सुटे होतील असे करा आणि जोडणीला हाताने फिरवता येणारे नट ठेवा, म्हणजे पाना शोधावा लागणार नाही. दोन्ही पंख समोरासमोर ठेवून, मध्ये जुनी चादर घालून एकाच लांब पिशवीत उभे न्या. प्रभादेवीहून धिमी लोकल पकडून राम मंदिर स्थानकावर उतरा, ते गोरेगावच्या अलीकडचे स्थानक आहे आणि सामान घेऊन तेथून पूर्वेला बाहेर पडणे मला तुलनेने सोपे वाटते. शक्यतो शनिवारचा दिवस निवडा. रविवारी जायचे असेल तर रेल्वेच्या दुरुस्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या ब्लॉकचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहा. तो बहुधा सकाळी दहाच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे नऊच्या आत पोहोचणे उत्तम. प्रवेशद्वारावर सामानाची तपासणी होते आणि बाहेर आलेली तारेची टोके सुरक्षारक्षकांना चालत नाहीत. प्रत्येक टोक आतल्या बाजूला वळवून त्यावर टेप लावा. आत लहान मुले पिसांना हात लावायला येतात, म्हणून पाठीमागे सतत एक ओळखीचे माणूस ठेवा.

शुभ्रपंख

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. सांगाडा तयार झाला, पहिला पंख पूर्ण झाला आणि दुसऱ्याची फोमची पिसे लागली आहेत. पाटीसह सगळ्याचे वजन सध्या एक किलो सातशे ग्रॅम भरते. इमारतीखालच्या इलेक्ट्रिशियन काकांनी पाइप वाकवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. पंख पूर्ण झाल्यावर दाखवायला यायचे, एवढेच ते म्हणाले. मनगटाचे वळण पहिल्या वेळी फार खाली आले होते, ते गच्चीवर घारी पाहून दुरुस्त केले.

काल संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास भावाने गच्चीवर चाचणीची छायाचित्रे काढली. सूर्य माझ्या पाठीमागे होता. त्याने मॅन्युअल मोडवर उजेड ठरवला आणि आईने समोरून पांढरा फोमबोर्ड धरला. फोमचा भाग अगदी राखीपंख ताई म्हणाल्या तसा छटांमुळे उठून दिसला, आणि वरची ऑर्गंडीची दहा पिसे आतून दिवा लावावा तशी उजळली. त्यातल्या एकेका पिसाची तार, कड आणि आजीचे टाके मोजता येतात. आजीने ते छायाचित्र मोठे करून पाहिले आणि चौथ्या पिसाचा टाका तिरका गेल्याचे दाखवले. तो तिने रात्रीच उसवला.

उजेडमाप दादा, एकच शंका उरली आहे. गच्चीवर सूर्य होता, दालनात छोटा एलईडी पॅनेल असेल. तो पिसांपासून किती अंतरावर धरावा?

उजेडमाप

दोन वीत अंतरापासून सुरुवात करा. त्याहून जवळ धरला तर एकाच पिसावर पांढरा ठिपका पडतो आणि बाकीची पिसे अंधारात राहतात. पॅनेल पंखांच्या मनगटाकडे, खालून वर रोखलेला असावा आणि त्यावर बटर पेपरचा एक थर लावावा. भावाला सांगा, की पहिली पाच छायाचित्रे फक्त पॅनेलची जागा ठरवण्यासाठी काढावीत, आणि तोपर्यंत तुम्ही कमरेचा पट्टा सैल करून निवांत उभ्या राहा.